सगळी गाडी खोलू का? आधी ती उभी आहे तशीच नीट बघा

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्यांचं वय ४१, काम ऑफिसातलं, हातात पाना धरायचा अनुभव सायकल आणि एका मोटारसायकलपुरता. मामांनी त्यांची १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची जुनी ब्रिटिश टू-सीटर, ह्यांना दिलीये. गाडी १९ वर्षं शेडमध्ये उभी आहे, इंजिन फिरत नाही, दारांच्या खाली गंज दिसतो, कापडी टप फाटलाय. मामा आता ७८ वर्षांचे आहेत, स्वतः चालवणार नाहीत, "एकदा मला शेजारी बसवून फिरव" एवढंच म्हणालेत. ह्यांचा बेत असा की गाडी शेवटच्या नटापर्यंत खोलायची, बॉडी उघडी करून रंगवायची, सगळे पार्ट नवे किंवा नव्यासारखे करून परत जोडायचे, आणि हे सगळं एका वर्षात. मित्र म्हणतो करायचं तर असंच कर. मेहुणा म्हणतो तुला झेपणार नाही, एखाद्या प्रोफेशनलकडे दे नाहीतर विकून मोकळा हो. बायको विचारते वर्षाने आपल्याकडे गाडी असेल की खोकी. प्रश्न दोन: सगळी खोलू का, आणि मला हे खरंच जमेल का?

तुमच्या बायकोचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मला स्वतःच्या अनुभवावरून माहितीये. माझी पहिली जुनी टू-सीटर मी तीन वीकेंडमध्ये पूर्ण खोलली होती. खोलताना इतकं छान वाटतं ना, रोज संध्याकाळी काहीतरी झालेलं दिसतं, एक दार निघालं, बंपर निघाला, डॅशबोर्ड निघाला, आणि आपण भराभर पुढे चाललोय असं वाटत राहतं. मग बॉडी रंगाला द्यायची म्हणून थांबले, रंगाच्या तारखा पुढे पुढे गेल्या, तेवढ्यात घरात आजारपण आलं, आणि सहा महिन्यांनी परत त्या खोक्यांसमोर उभी राहिले तेव्हा हातातला ब्रॅकेट डाव्या बाजूचा की उजव्या हे मला सांगता येईना. ती गाडी सहा वर्षं खोक्यांत राहिली आणि शेवटी खोक्यांतच दुसऱ्याच्या घरी गेली. तिचं इंजिन चालू असताना मी एकदाही ऐकलं नाही. हे मला अजून लागतं, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतेय की सगळी खोलू नका, निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलंय "एकदाच काय ते नीट करायचं". ऐकायला पटतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीये, ती म्हणजे नीट काय करायचंय हे आपल्याला आधीच माहितीये. तसं नसतं. उभ्या गाडीला गिअरबॉक्स कसा आहे हे कोण सांगणार? मागचा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी) आवाज करतो का, ऑइल प्रेशर गरम झाल्यावर टिकतं का, स्टेअरिंगमध्ये किती ढिलाई आहे, दुसरा गिअर आपोआप निसटतो का, हे सगळं गाडी चालली तरच कळतं. एकदा खोललीत की हा सगळा पुरावा गेला, मग तुम्ही प्रत्येक पार्ट "असू दे, बदलून टाकू" म्हणत बदलत सुटणार आणि जो खरा आजारी होता तो कदाचित नुसता पुसून परत बसवणार. दुसरं म्हणजे जोडून झाल्यावर पहिल्यांदा स्टार्ट करताना काहीतरी बिघडणारच, आणि तेव्हा एकाच वेळी इंजिन, वायरिंग, ब्रेक, इंधन सगळंच तुमच्या हातचं नवीन जोडलेलं असेल तर चूक कुठे झाली हे शोधायचं कसं? नवशिक्याचं कंबरडं तिथे मोडतं.

आणि एक वर्ष. जरा हिशोब मांडून बघा, नोकरी सांभाळून आठवड्याला खरे सहा तास मिळाले तरी खूप झाले, म्हणजे वर्षाचे साधारण ३०० तास. गंज लागलेली बॉडी उघडी करून, पत्रा कापून, जोडून, रंगवून, सगळं परत बसवायला एकट्या माणसाला हजार तास लागले तर त्यात नवल नाही. म्हणजे तुमचा बेत तीन वर्षांचा आहे आणि तुम्ही त्याला एक वर्षाचा म्हणताय. तीन वर्षं घालवायला हरकत काहीच नाही हो, पण मामा ७८ चे आहेत. त्यांनी मागितलं काय ते परत एकदा वाचा. गाडी नवीसारखी कर असं ते म्हणालेले नाहीत, शेजारी बसवून फिरव म्हणालेत.

ह्याच्यात अजून एक मुद्दा येतो जो मला फार जवळचा वाटतो. रिस्टोरेशन म्हणजे नवं करणं असं आपण पटकन धरून चालतो. जुन्या वाहनांची फिवा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचा ट्यूरिन चार्टर म्हणून एक दस्तऐवज आहे, आणि त्याचा सगळा सूर असा आहे की जितकं कमी छेडाल तितकं चांगलं, जे मूळचं टिकलंय ते आधी जपा, मग दुरुस्त करा, आणि नवं करणं अगदी शेवटी. ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला मामांच्या बसण्या-उतरण्याने चामडं झिजलं असेल, ते एकदा काढून टाकलंत की कुठल्याही कॅटलॉगमधून परत मागवता येत नाही. नवं सीट कव्हर दहा वर्षांनीही मिळेल.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे त्या गंजाकडे येऊ, इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही.

एमजीबीला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा सुटा सांगाडा, नाहीये. बॉडी हीच चॅसी, आणि रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे पुढची आणि मागची गाडी एकत्र धरून ठेवायचं काम मुख्यतः दारांखालच्या त्या दोन लांब पेट्या करतात, ज्यांना सिल म्हणतात. बाहेरून एकच पत्रा दिसतो पण आत अजून थर आहेत आणि गंज आतून बाहेर येतो, म्हणजे बाहेर रुपयाएवढा फुगा दिसला तर आत हातभर पोकळी असू शकते. तुम्ही जे "दारांच्या खाली गंज दिसतो" असं एका ओळीत लिहून पुढे गेलात ना, ती पत्रातली सगळ्यात गंभीर ओळ आहे. या रविवारी दुसरं काही करू नका, एवढंच तपासा. एक चुंबक फडक्यात गुंडाळून सिलवरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. खालून पेचकसाच्या टोकाने दाबत जा, चांगला पत्रा टणटण वाजतो आणि सडलेला भसकन आत जातो. मग दारांच्या फटी बघा, वर आणि खाली सारख्या आहेत का. आणि शेवटी, आधी चाकांना पुढून मागून अडण लावून, दाराखालच्या जॅकिंग पॉइंटवर जॅक लावून एक बाजू हळूहळू उचला आणि दाराच्या फटीवर नजर ठेवा. फट बदलत असेल, दार अडकायला लागलं असेल, किंवा जॅकच पत्र्यात घुसायला लागला असेल तर लगेच खाली घ्या. गाडी मधून वाकतेय, तिचा कणा गेलाय.

कणा शाबूत असेल, नुसता वरवरचा गंज असेल, तर मी पुढे लिहिलंय त्या वाटेने जा. कणा गेला असेल तर क्रम उलटा होतो, आधी सिल आणि मग बाकी सगळं, कारण वाकणाऱ्या गाडीचं इंजिन चालू करून उपयोग काय. पण तेव्हासुद्धा सगळी गाडी खोलायची गरज नाही. एका वेळी एकच बाजू कापायची, कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा दांडा वेल्ड करून ती जागच्या जागी पक्की करायची, आणि दर थोड्या वेळाने दार लावून फट तपासत राहायचं. हे न करता दोन्ही सिल एकदम कापले की गाडी मधून खचते, मग नवे सिल त्या खचलेल्या आकारातच वेल्ड होतात आणि दारं आयुष्यभर बसत नाहीत. मी अशी रंगवून चकाचक केलेली गाडी पाहिलीये जिचं दार बंद करायला गुडघा लावावा लागायचा. हे काम मात्र तुम्ही करू नका. तुम्हाला वेल्डिंग येत असतं तरी म्हटलं असतं की कण्याचं वेल्डिंग ज्याने आधी अशा गाड्यांचं केलंय त्यालाच द्या, आणि देण्याआधी त्याने केलेली एखादी गाडी उचलून खालून बघा.

एक चांगली बातमी पण आहे. तुमच्या हातात नवशिक्यासाठी फार चांगली गाडी आलीये. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनत होती, ५ लाखांहून जास्त बनल्या, आणि त्यामुळे तिचे पार्ट आजही नवे बनतात. १९८८ पासून तर तिची अख्खी बॉडी शेलच मूळ साच्यांवरून परत बनवायला लागले होते. म्हणजे पत्रा गेला म्हणून गाडी गेली असं नाही. दुसरी गाडी असलेल्या वाचकांनी हाच प्रश्न आपापल्या गाडीबद्दल विचारावा, की हिचा जीव कशात आहे आणि ते मिळतं का. ट्रायम्फ स्पिटफायरला वेगळी चॅसी आहे, तिथे बघायच्या जागा वेगळ्या. लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही म्हणून लोक खूश होतात पण आतली चॅसी पोलादाची आहे आणि ती झाकलेली असते. आणि जी गाडी मोजकीच बनली तिच्यात इंजिनापेक्षा एखादी क्रोमची पट्टी, मागची काच, मीटर अशा गोष्टी शोधण्यात वर्षं जातात. म्हणून गाडी घ्यायच्या आधी काय काय गायब आहे त्याची यादी करा. गंज दुरुस्त करता येतो, गायब असलेलं शोधत बसावं लागतं.

इंजिन फिरत नाही म्हणालात. तुम्ही ते स्टार्टर मारून बघितलंत का हे लिहिलेलं नाही, मारलं असेल तर परत मारू नका. एकोणीस वर्षांत जे सिलिंडर झडप उघडी राहून बंद पडले त्यांच्यात दमट हवा शिरते, पिस्टनच्या रिंगा गंजाने भिंतीला धरतात, आणि जोर केलात तर काहीतरी मोडतं. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून गंज सैल करणारं पेनिट्रेटिंग ऑइल ओता, आणि आठवडाभर विसरून जा, मध्ये मध्ये थोडं थोडं ओतत राहा. ह्या दिवसांत वरचं रॉकर कव्हर उघडून बघा की सगळ्या झडपा मोकळ्या आहेत, एखादी वरच अडकली असेल तर इंजिन फिरताना तिचा पुशरॉड वाकतो. मग क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पुढच्या नटाला लांब पाना लावून मागे-पुढे, मागे-पुढे, अगदी हलकं. एक सूतभर हललं तरी समजा जिंकलात, परत तेल, परत थांबा. तुमचं १९६६ चं म्हणजे पाच मेन बेअरिंगवालं १७९८ सीसी इंजिन आहे, ओतीव लोखंडाचं, दणकट, ते धीराला दाद देतं. दोन-तीन आठवड्यांतही नाही हललं तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झडपांचं झाकण, काढायचं, पण तीही मोठी आपत्ती नाही, फक्त नट मॅन्युअलमधल्या क्रमाने सैल करा.

मोकळं झालं की लगेच स्टार्ट करायची घाई होते, माहितीये मला. जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, नवं २०डब्ल्यू-५० भरा, जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं घ्या, त्यात झिंक जास्त असतं आणि ह्या प्रकारच्या कॅमशाफ्टला ते लागतं. प्लग न लावता स्टार्टरने थोडं थोडं फिरवा आणि डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्याकडे बघत राहा. काटा उचलला म्हणजे तेल बेअरिंगपर्यंत पोचलं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजा, चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले तर इंजिन उघडायचं कारणच नाही. एखादा खूप कमी आला तरी आधी चालवून बघा, बऱ्याचदा रिंगा चालता चालता मोकळ्या होतात. शिशाशिवायच्या पेट्रोलने व्हॉल्व्ह सीट (झडप बंद होताना टेकते ती कडा) झिजतात म्हणून लगेच हेड काढा असं कुणीतरी सांगेल, त्यासाठी आत्ता थांबू नका. सावकाश चालवणार असाल तर झडपांचा गॅप अधूनमधून तपासा, आणि पुढे कधी हेड निघेल तेव्हा कडक सीट बसवून घ्या.

टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा, त्याला एव्हाना वार्निशसारखा वास येत असेल. इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, दिसायला चांगल्या असल्या तरी, कारण हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि गरम एक्झॉस्टच्या वर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय ते सांगायला नको. ह्या नळ्यांसाठी कंजुषी करू नका. एसयू कार्ब्युरेटर दोन आहेत, त्यांना घाबरू नका, साफ करा, वरच्या डॅशपॉटमध्ये पातळ तेल घाला, ट्यूनिंग नंतर. मागे इलेक्ट्रिक पंप आहे, इग्निशन दिल्यावर टकटक ऐकू आली पाहिजे, नाही आली तर आतले कॉन्टॅक्ट पॉइंट्स चिकटलेत, पानाने हलकं ठोकलं तरी कधी कधी जागा होतो, पण मग तो उघडून साफ करायचाच.

वायरिंगच्या बाबतीत एक गोष्ट हात लावण्याआधी माहिती हवी. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ होत्या, म्हणजे बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली. आणि बॅटरी पण सीटच्या मागे दोन, सहा-सहा व्होल्टच्या, एकापाठोपाठ जोडलेल्या. मधल्या काळात कुणी बदल करून ठेवलाय का हे आधी बघा, मामांना विचारा, त्याशिवाय नवी बॅटरी किंवा इलेक्ट्रॉनिक काहीही जोडू नका. फ्यूज दोनच आहेत, बऱ्याच वायरींना फ्यूज नाहीच. तपकिरी वायर म्हणजे कायम करंट, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर, हिरवी म्हणजे चावी आणि फ्यूज दोन्हीतून, काळी म्हणजे अर्थ, एवढं पाठ केलंत तरी निम्मं काम झालं. ह्या गाड्यांच्या वायरिंगला लोक खूप नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा दोष निघतो तो गंजलेल्या अर्थच्या जोडात. सँडपेपर घेऊन सगळे अर्थ साफ करा, मग बघा कितीतरी "खराब" वस्तू आपोआप चालू होतात.

ब्रेकमध्ये मात्र माझं मत अगदी ठाम आहे, इथे "चालतंय की" म्हणायचं नाही. तुमच्या गाडीला एकच सर्किट आहे, म्हणजे कुठलीही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला, राहिला फक्त हँडब्रेक. म्हणून मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर, पुढच्या कॅलिपरची सीलं, लोखंडी पाइप, आणि तिन्ही रबरी होज, सगळं नवं. रबरी होज तर फसवे असतात, बाहेरून ठीक दिसतात पण आतून फुगून बंद होतात, पाय दाबला की तेल जातं आणि परत येत नाही, मग ब्रेक धरून राहतो आणि आपण उगाच कॅलिपरला दोष देतो. ब्रेक ऑइल नवं, डॉट ४ भरा, आणि सिलिकॉनचं डॉट ५ त्यात चुकूनही मिसळू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो. मागचे ड्रम उघडताना आतली धूळ हवेने किंवा फुंकरीने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने टिपून घ्या, मास्क लावा.

टायर किती जुने आहेत ते बाजूला छापलेलं असतं, चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ३४१२ म्हणजे २०१२ चा चौतिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचे. तुमचे एकोणीस वर्षं उभे आहेत म्हणजे कितीही खाचा दिसू देत, जाणार.

हे सगळं म्हणजे इंजिन, इंधन, वायरिंग, ब्रेक, टायर, हे तुम्ही स्वतः करू शकता. तुमचा दुसरा प्रश्न "जमेल का" हा होता, आणि माझं उत्तर हो आहे, कारण ह्यातलं प्रत्येक काम एका-दोन वीकेंडचं आहे, प्रत्येक काम झाल्यावर गाडी कालच्यापेक्षा पुढे गेलेली असते, आणि मध्येच दोन महिने वेळ नाही मिळाला तरी ती गाडीच राहते. मेहुण्यांचं निम्मं बरोबर आहे. कण्याचं वेल्डिंग, इंजिनाचं मशीनिंग करायची वेळ आली तर ते, आणि शेवटचा रंग, हे दुसऱ्याकडे द्या. रंगाचं तर मी हट्टाने सांगते, टू-पॅक रंगात आयसोसायनेट असतात, बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय ते मारणं म्हणजे फुप्फुसांशी खेळ आहे, शेडमध्ये करायचं काम नाही. पण अख्खी गाडी उचलून कुणाला देऊन टाकली तर ती तुमच्या ओळखीची होणारच नाही, रस्त्यात बंद पडली की तुम्ही नुसते बॉनेट उघडून बघत उभे राहाल. आणि विकायचं म्हणाल तर तुमच्या सगळ्या पत्रात विकायची इच्छा मला एका शब्दातही दिसली नाही.

पाने इंचातले घ्या, एएफ म्हणतात ते. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटर असतो, त्याला १३ चा पाना लागतो असं वाटतं, आणि दोन-चारदा जोर लावला की नटाचे कोपरे जातात. पार्ट्स कॅटलॉग मिळवा, वर्कशॉप मॅन्युअलइतकाच उपयोगी आहे, त्यात प्रत्येक वॉशर कुठे बसतो त्याचं सुटं सुटं चित्र असतं. काहीही काढण्याआधी फोटो, काढताना फोटो, आणि नट-बोल्ट पिशवीत घालून त्यावर लगेच लिहायचं, "नंतर लिहू" असं कधीच नाही. जुना पार्ट नवा बसून गाडी चालेपर्यंत फेकायचा नाही, नवे बनवलेले पार्ट कधी कधी नीट बसत नाहीत आणि जुनाच साफ करून लावावा लागतो.

आणि जिवाशी संबंधित चार गोष्टी, ज्या मी प्रत्येक नवशिक्याला पत्राचा विषय काहीही असला तरी लिहिते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचे, कडक सपाट जमिनीवर, आणि जाण्याआधी गाडी हलवून बघायची. कुठेही वेल्डिंग होणार असेल तर टाकी आणि बॅटरी आधी बाहेर. आणि क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग कधीच नाही, उष्णतेने त्याचा फॉसजीन होतो, तो विषारी वायू आहे. पेट्रोलशी खेळताना हाताशी अग्निशामक असू द्या.

पैशाबद्दल एकच सांगते, कारण घरात ह्यावरूनच कुरबूर होते. जोपर्यंत गाडी स्वतःच्या पायावर चालत आणि थांबत नाही तोपर्यंत दिसणारी एकही वस्तू मागवायची नाही, ना लाकडी स्टेअरिंग, ना नवे बंपर, ना गालिचे. बायकोला बरोबर घ्या, फोटो आणि पिशव्यांची वही तिच्याकडे द्यायची तयारी दाखवा, तिला आवडलं तर. जिने खोक्यांचा प्रश्न विचारला तिला गाडी व्हावीशी वाटतेय असं मला तरी वाटतं.

आता मामा. तुम्ही त्यांना सरप्राइज द्यायचा विचार करताय असं पत्रावरून वाटलं, तो सोडून द्या. त्या गाडीचं सगळ्यात चांगलं मॅन्युअल तुमच्या घरात बसलंय. वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि विचारा की ती शेवटची का उभी केली, काही आवाज येत होता का, क्लच कधी बदलला, ऑइल किती प्यायची, इंजिन कधी उघडलं होतं का. दर महिन्याला त्यांना शेडमध्ये खुर्ची टाकून बसवा. फाटलेला टप यादीत सगळ्यात शेवटी ठेवा, उलट टप नसलेला बरा, खालच्या सीटवर बसायला त्यांना वरून आधार घेऊन उतरता येईल. सीटबेल्ट आहेत का आणि त्यांचे बोल्ट सडक्या पत्र्यात तर नाहीत ना, एवढं आधी पक्कं करा, आणि चाकांची बेअरिंगं, स्टेअरिंगचे जोड, पुढच्या सस्पेन्शनचं ग्रीस हे एखाद्या जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. मग पहिली फेरी मोकळ्या, सपाट, गर्दी नसलेल्या जागी, दहा-पंधरा मिनिटांची.

तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. १९६६ च्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाहीये. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकलात तर करकरणार, आणि चालत्या गाडीत टाकायचा असेल तर मध्ये न्यूट्रलवर क्लच सोडून, जरासा ॲक्सिलरेटर देऊन, परत क्लच दाबून टाकावा लागतो. हे वाचून जमत नाही, हाताला कळावं लागतं. मामांच्या हाताला माहितीये. त्यांना शेजारी बसवलंत की त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवायला सांगा.